नेपाळात फोन लागेल का?
सीमा ओलांडली की आपलं भारतीय सिम मुकं होतं. आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं असेल तरच चालतं. त्यापेक्षा काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळावरच स्थानिक सिम घ्यावं. मुख्य कंपन्या दोन: सरकारी नेपाळ टेलिकॉम आणि खासगी एनसेल. पासपोर्टची प्रत आणि फोटो हाताशी असू द्या. शहरांत दोन्ही चालतात. आडवाटेच्या डोंगरांत नेपाळ टेलिकॉमचा भरवसा अधिक. एव्हरेस्टच्या वाटेवर एनसेलचं थ्रीजी २०१० मध्येच पोचलं. तरी तिथल्या लॉजमध्ये वायफायचे आणि चार्जिंगचेही वेगळे पैसे पडतात, आणि उंचीबरोबर दरही चढतात! भारतीय सिम मात्र जपून ठेवा, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, तेही रोमिंग चालू असेल तर. घरी फोन करताना लक्षात असू द्या, नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटं आहे.