निरोप जसाच्या तसा: फोनवरचे कॉपी-पेस्ट



निवृत्त झाल्यापासून रविवारच्या आरतीनंतर मला दोनच विषयांवर प्रश्न येतात, गुडघे आणि फोन. गुडघ्यांबद्दल मी वेळोवेळी बोलतोच. आज फोनबद्दल, आणि फोनमधल्याही एकाच कामाबद्दल लिहितो. आलेला निरोप जसाच्या तसा उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायचा, म्हणजे कॉपी आणि पेस्ट करायचे.

एवढ्याशा कामावर लेख कशाला, असे नातवंडे म्हणतील. कारण औषधांचे आहे. इथे ब्रिटनमध्ये एनएचएसचे बरेच निरोप आता एसएमएसने येतात: तपासणीची तारीख, किती वाजल्यापासून उपाशी राहायचे, कोणती गोळी किती दिवस आधी थांबवायची. आपण तो वाचतो आणि दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आपल्या शब्दांत कळवतो, "मंगळवारी बोलावलंय, रक्ताची गोळी घेऊ नका म्हणालेत." आता रक्ताची गोळी म्हणजे कोणती? रक्त पातळ करणारी, रक्तदाबाची, की लोहाची? आपल्या घरांत तिन्हींना रक्ताचीच गोळी म्हणतात. मुलगा तिकडून अंदाज बांधतो, आणि औषधांच्या बाबतीत अंदाज नको असतो.

आणखी दोन उदाहरणे देतो. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन ही गोळी मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि एका मिलिग्रॅममध्ये १००० मायक्रोग्रॅम असतात. हाताने लिहिताना एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मात्रा हजारपट वाचली जाते. संधिवातासाठी देतात ती मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. निरोपातून "आठवड्यातून" हा शब्द गळला आणि कोणी ती रोज देऊ लागले, तर जिवावर बेतते. कॉपी केलेल्या मजकुरातून शब्द गळत नाही.

कृती अशी. ज्या निरोपाची नक्कल हवी त्याच्या चौकटीवर बोट टेकवा आणि तसेच ठेवा, उचलू नका. क्षणभरात छोटी यादी उघडेल, तीत कॉपी हा शब्द दिसेल. काही अँड्रॉइड फोनवर शब्दाऐवजी वरच्या पट्टीत एकावर एक ठेवलेल्या दोन कागदांचे चित्र येते, त्याचाही अर्थ कॉपीच. व्हॉट्सॲपमध्ये काही फोनवर हा शब्द वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांखाली लपलेला असतो. कॉपीवर टिचकी मारल्यावर काहीच घडल्यासारखे वाटत नाही, आणि तिथेच पुष्कळजण घाबरून पुन्हा पुन्हा दाबत बसतात. घाबरू नका, मजकूर फोनच्या स्मरणात गेलेला असतो. आता मुलाचे संभाषण उघडा, जिथे आपण लिहितो त्या रिकाम्या पट्टीवर तसेच बोट ठेवून थांबा, पेस्ट हा शब्द आला की त्यावर टिचकी मारा. मजकूर उतरला की आधी वाचा आणि मगच पाठवण्याचा बाण दाबा.

फोनचे हे स्मरण मात्र उथळ आहे. त्यात साधारणपणे शेवटची एकच गोष्ट राहते. मध्येच दुसरे काही कॉपी केले की पहिले पुसले जाते. म्हणून कॉपी केल्यावर लगेच पेस्ट करा, मध्ये चहा नको.

पूर्ण निरोप नको, त्यातला फोन नंबर किंवा औषधाचे नावच हवे, असेही होते. त्यासाठी मी सर्वांना एकच युक्ती सांगतो, कारण ती सगळ्या फोनवर चालते. पूर्ण निरोप कॉपी करून फोनमधल्या टिपणवहीत, म्हणजे नोट्समध्ये, पेस्ट करा. तिथे हव्या त्या शब्दावर बोट टेकवून थांबा. शब्द रंगेल आणि त्याच्या दोन्ही टोकांना दोन खुंट्या दिसतील. त्या बोटाने ओढून मजकूर हवा तेवढा कमीजास्त करता येतो. मग पुन्हा कॉपी. मूळ निरोप जागच्या जागी सुरक्षित राहतो, त्यामुळे टिपणवहीत कितीही गोंधळ झाला तरी बिघडत नाही.

आता बोटांविषयी, कारण "मला जमतच नाही" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची अडचण डोक्यात नसून बोटांत असते. फोनची काच दाब ओळखत नाही. ती त्वचेतून होणारा विजेचा सूक्ष्म बदल ओळखते. वयाप्रमाणे त्वचा कोरडी होते, त्यातून इथला हिवाळा आणि घरातले हीटिंग. कोरड्या बोटाची दखल काच घेत नाही, म्हणून आपण आणखी जोर लावतो आणि त्याचा काहीच उपयोग होत नाही. हाताला थोडे मलम लावा, ते जिरू द्या आणि मग फोन घ्या. दुसरी गोष्ट कंपाची. बोट थोडे जरी सरकले तरी फोनला वाटते की आपण पान वर-खाली करतो आहोत. कंपाचा एक नेहमीचा प्रकार असा आहे की हात अधांतरी धरला की तो वाढतो आणि टेकवला की कमी होतो. तेव्हा फोन हातात न धरता टेबलावर ठेवा, मनगट आणि कोपर टेकवा. बोट किती वेळ ठेवल्यावर यादी उघडावी हेही बदलता येते. आयफोनमध्ये सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, टच या वाटेने हॅप्टिक टचपर्यंत जा. अँड्रॉइडमध्येही ॲक्सेसिबिलिटीतच टच अँड होल्ड डिले असे काहीसे सापडेल. अक्षरे मोठी करण्याची सोयही तिथेच आसपास असते. आयफोन २००७ साली आला तेव्हा त्यात कॉपी-पेस्ट नव्हतेच, ते २००९ मध्ये आले. तेव्हा उशिरा शिकणारे आपण एकटेच नाही.

साधा एसएमएस देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी थोडेसे. इंग्रजी अक्षरांचा एक एसएमएस १६० अक्षरांचा धरतात, देवनागरीचा मात्र ७० चा. मोठा मराठी मजकूर पेस्ट करून भारतात पाठवला तर तो दोन-तीन निरोप म्हणून मोजला जाऊ शकतो आणि बिलही तसेच येते. भारतात पाठवायचे असेल तर व्हॉट्सॲप बरे.

आता दुसरी बाजू. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलेल्या निरोपावर तशी खूण येते आणि तो अनेक हातांतून फिरलेला असेल तर दुहेरी बाण दिसतो. असा फार फिरलेला निरोप २०२० पासून एका वेळी एकाच संभाषणात पाठवता येतो. कॉपी-पेस्ट केले की ही खूणही जाते आणि मर्यादाही. "फॉरवर्ड करू नका, कॉपी-पेस्ट करा" असे सांगणारे निरोप कशासाठी तसे सांगतात हे आता ध्यानात येईल. तुमच्या नावाने आलेला मजकूर तुम्हीच लिहिला असे वाचणाऱ्याला वाटते, आणि तुमच्यावरच्या विश्वासाने तो पुढे जातो. छातीत दुखू लागले तर जोरजोरात खोकत राहा, हृदय सुरू राहील, हा सल्ला मी अशा रूपात कितीदा पाहिला याची गणती नाही. त्याला वैद्यकीय आधार नाही. छातीत दुखले, घाम फुटला, दम लागला तर खोकत बसू नका, ९९९ फिरवा. महाराष्ट्रातून आलेल्या निरोपात १०८ लिहिलेले असते, ते तिथल्या रुग्णवाहिकेसाठी बरोबर आहे, इथे उपयोगाचे नाही.

संकष्टीचे तसेच. पुण्याहून आलेला निरोप इथे जसाच्या तसा पेस्ट होतो आणि चंद्रोदयाची वेळ असते पुण्याची! उन्हाळ्यात इथे चंद्र फार उशिरा दिसतो. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी ती वेळ इथल्या पंचांगातून पाहावी, आणि इतका वेळ उपाशी राहणे आपल्याला झेपेल का हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे.

पैशांच्या बाबतीत मात्र कडक राहा. आपल्या साहाय्य निधीचे आवाहन सभासद एकमेकांना पाठवतात, त्यामुळे मदत जमते. पण तोच मजकूर कोणीही कॉपी करून त्यातले सहा अंकी सॉर्ट कोड आणि आठ अंकी खाते क्रमांक बदलू शकतो. बाकी शब्द आपलेच असल्यामुळे संशय येत नाही. म्हणून देणगी देताना क्रमांक निरोपातून उचलू नका, या वार्तापत्राच्या छापील पानावरून किंवा मंदिराच्या कचेरीतून घ्या. पैसे पाठवण्याआधी बँक खातेदाराचे नाव जुळते का ते दाखवते. जुळत नाही असे आले तर तिथेच थांबा. बँकेच्या नावाने आलेल्या निरोपातला नंबरही कॉपी करून फिरवू नका, १५९ फिरवा. बहुतेक मोठ्या बँकांशी तो जोडून देतो.

आणि सहा आकडी कोड कोणालाही पेस्ट करून द्यायचा नाही. "चुकून माझा कोड तुमच्याकडे गेला, जरा पाठवता का?" असे ओळखीच्या नावाने आले तरी नाही. तो तुमच्याच व्हॉट्सॲपची किल्ली असतो. ती दिली की दुसरा माणूस तुमच्या नावाने भजनी मंडळाच्या ग्रुपवर पैसे मागू लागतो.

फसवा एसएमएस आला तर कॉपी-पेस्ट कामी येते. तो कॉपी करा, नवा निरोप उघडून ७७२६ या क्रमांकावर पेस्ट करून पाठवा. पैसे पडत नाहीत. फोन कंपनी उलट निरोपाने तो कोणत्या नंबरवरून आला ते विचारते, तेवढे कळवा. कॉपी करताना बोट निळ्या दुव्यावर ठेवू नका, बाजूच्या साध्या अक्षरांवर ठेवा, म्हणजे दुवा चुकून उघडणार नाही.

डॉक्टर म्हणून एक मागणे आहे. कोणाच्या आजाराची बातमी तुम्हाला खाजगीत कळली तर ती ग्रुपवर पेस्ट करण्याआधी त्या माणसाला विचारा. प्रार्थनेसाठी असली तरी विचारा. रुग्णालय, वॉर्ड, निदान हे सगळे दीडशे जणांनी वाचल्यावर परत घेता येत नाही. साहाय्य निधीच्या आवाहनात आम्ही नावे देत नाही ती याचसाठी.

आरतीनंतर मी सभागृहात खिडकीजवळच्या टेबलाशी तासभर बसतो. फोन आणि चष्मा दोन्ही आणा. फोनचा पासकोड आठवत असला पाहिजे, पण मला सांगायचा नाही, स्वतःच दाबायचा. एकट्याने सर्वांपर्यंत पोचता येत नाही, म्हणून महिन्यातून एक रविवार देऊ शकतील अशी धीराची तीन-चार तरुण माणसे हवी आहेत. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा सभासदांकडे जाणारे कोणी मिळाले तर फारच बरे. नावे कचेरीत नोंदवावीत.