करडई, जवस आणि हृदय

औशातील ज्येष्ठ मंडळी हल्ली विचारतात, "डॉक्टर, करडईच्या तेलाने शरीरात दाह वाढतो का?" या तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलिक आम्ल, म्हणजे ओमेगा-६ मेदाम्ल असते. त्याने दाह वाढतो, ही भीती माणसांवरील अभ्यासांत खरी ठरलेली नाही. उलट ज्यांच्या रक्तात ते अधिक, त्यांच्यात हृदयविकार कमी आढळला.

उणीव असते ती ओमेगा-३ची. जवसाच्या तेलात ते निम्म्याहून अधिक असते. अख्खे जवस नीट पचत नाही. म्हणून भाजून कुटलेली चटणी चमचाभर ताटात असावी.

खरा वैरी ट्रान्स मेद. २०२२पासून तेल-वनस्पतीत त्याला २ टक्क्यांची मर्यादा आहे. तरीही तळणीचे तेल पुन्हापुन्हा तापवू नये. तेल बेताचेच वापरावे आणि हृदयाच्या गोळ्या परस्पर थांबवू नयेत.