आटत्या तळ्यातील शेवटचे जाळे

वाशीम जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून त्यातील नद्यांच्या निळ्या रेघा बोटाने गिरवीत गेले, म्हणजे एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. काटेपूर्णा नदी या जिल्ह्यातील टेकड्यांत उगम पावते आणि उत्तरेकडे जाऊन पूर्णेला मिळते. पूर्णा तापीला मिळते व ते पाणी अखेर अरबी समुद्रात जाते. अडाण नदीही याच जिल्ह्यात उगम पावते; परंतु ती पैनगंगेला मिळते आणि तिचे पाणी वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या वाटेने बंगालच्या उपसागरास पोहोचते. घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस जसा दोन्ही पाख्यांवरून दोन दिशांना ओघळतो, तसाच प्रकार येथे घडतो. वाशीमचा मुलूख हे दोन समुद्रांच्या मधले आढेच होय.

आढ्यावर पाणी ठरत नाही. नद्या येथे उगमाजवळच्या, म्हणून लहान आणि उथळ. पावसाळ्यात त्या दुथडी भरून वाहतात आणि होळीच्या सुमारास त्यांच्या पात्रांत वाळू व डबकी एवढेच उरते. त्यामुळे या भागात पाणी हवे असेल, तर ते अडवूनच ठेवावे लागते. वाशीम शहराला पाणी पुरविणारे एकबुर्जी धरण, कारंजा तालुक्यातील अडाण धरण आणि गावोगावचे लहानमोठे तलाव यांवर माणसे, गुरे व पिके यांची तहान भागते. याच तलावांवर आणखी एका व्यवसायाची उपजीविका अवलंबून आहे. तो व्यवसाय म्हणजे गोड्या पाण्यातील मासेमारी. पूर्वी पालख्या वाहणारे व नदीवर जाळी टाकणारे भोई लोक आज सहकारी संस्था स्थापून तलाव ठरावीक मुदतीच्या ठेक्याने घेतात. पावसाळ्यात ते तलावात रोहू, कटला व मृगळ या माशांची पिले सोडतात आणि ती वाढली म्हणजे पुढे अनेक महिने मासे धरतात.

या हंगामाची अखेर वैशाख-ज्येष्ठात होते. त्या वेळी तलावाचे रूप पार पालटलेले असते. रब्बीच्या पिकांना पाणी देऊन झालेले असते, उन्हाने बाष्प होऊन बरेच पाणी उडून गेलेले असते, आणि जे उरते त्याला 'मृतसाठा' असे म्हणतात. धरणाच्या विमोचकाचे तोंड ज्या पातळीवर असते, तिच्याखालचे पाणी आपोआप बाहेर वाहू शकत नाही. तोच हा मृतसाठा. नाव असे असले, तरी त्यातच तलावातील सारे जीव दाटीवाटीने जगत असतात. कोळ्याला ही दाटी एका अर्थी सोयीची वाटते, कारण मासे थोड्या जागेत सापडतात. शिवाय घाईही असते. एकदा मृगाचा पाऊस कोसळू लागला, की तलाव भरतो, मासे वाहत्या पाण्याच्या उलट दिशेने नाल्यांत चढतात, काही सांडव्यावरून निघून जातात आणि जाळे टाकणे कठीण होते. पुष्कळदा या शेवटच्या फेऱ्यांच्या पैशांतूनच पुढच्या वर्षाचे मत्स्यबीज विकत घ्यावयाचे असते. म्हणून ही फेरी टाळता येत नाही. आणि वर्षातील सर्वांत बेभरवशाची फेरी हीच असते.

अशी एक फेरी डोळ्यांसमोर आणावी. रोहिणी नक्षत्र लागले आहे. एक वृद्ध भोई, त्याचा मुलगा, पुतण्या आणि शेजारचे दोघे जण रात्री तीन वाजता टेंपोत जाळी, बर्फाच्या लाद्या व थर्माकोलचा तराफा घालून तलावाकडे निघतात. पहाटे जाळे टाकावे, उन्हे तापण्यापूर्वी मासे बर्फात घालावेत आणि आठाच्या आत बाजार गाठावा, असा बेत असतो.

पहिला अडथळा पाण्याजवळ पोहोचण्यापूर्वीच येतो. हिवाळ्यात जेथे पाणी होते, तेथे आता भेगाळलेली जमीन दिसते. वरून ती वाळून टणक झालेली असते. पण हा गाळ काळ्या मातीचा. त्याची साय तेवढी वाळते आणि खालचा चिखल महिनोन्महिने ओला राहतो. चालक टेंपो थोडा पुढे घेतो आणि मागची चाके खचतात. तेथून तराफा व जाळी डोक्यावर घेऊन, गुडघाभर चिखलातून वाट काढीत पाणी गाठावे लागते.

दुसरा अडथळा पाण्याखाली दडलेला असतो. धरण बांधले जाते तेव्हा जी जमीन बुडते, ती मोकळी नसते. तीत शेतांचे बांध, बाभळीचे बुंधे आणि कधी जुन्या विहिरीही असतात. भरल्या तलावात जाळे त्यांच्या पुष्कळ वरून जाते. पाणी कंबरेइतके उरले, म्हणजे मात्र ओढजाळ्याच्या तळाशी लावलेल्या शिशाच्या गोळ्या प्रत्येक बुंध्याला अडकतात. जोराने ओढावे तर जाळे फाटते, आणि सोडवावयास आत उतरावे तर पायाखाली विहीर येण्याचे भय. जाणते भोई अशा तलावात हातातील काठीने तळ चाचपल्याशिवाय पाऊल टाकीत नाहीत. या फेरीत जाळे फाटते आणि त्याला भले मोठे भगदाड पडते. ते विणून काढण्यात तास-दीड तास जातो.

इतक्यात उजाडू लागते आणि एक विलक्षण दृश्य दिसते. तलावभर मासे पाण्याच्या पृष्ठभागावर आलेले असतात. त्यांची तोंडे उघडतात आणि मिटतात.

"काका, पाहा तरी! आज मासे आपण होऊन वर आले!" पुतण्या हर्षाने ओरडतो.

"हे लक्षण बरे नव्हे, पोरा," म्हातारा म्हणतो. "त्यांचा जीव गुदमरतो आहे."

म्हाताऱ्याचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. मासा पाण्यात राहतो, तरी त्यालाही प्राणवायू लागतोच. तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांच्या साहाय्याने घेतो. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. परंतु ३० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम विरघळू शकतो. थंड पाण्यात तो अधिक मावतो, ऊन पाण्यात कमी. मौज अशी, की पाणी जसजसे तापते, तसतशी माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज मात्र वाढत जाते. शिधा कमी आणि भूक अधिक, अशी त्याची अवस्था होते.

त्यातून रात्र अधिक वाईट. दिवसा पाण्यातील शेवाळ व इतर वनस्पती सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करतात आणि प्राणवायू बाहेर सोडतात. रात्री हे काम थांबते. पण त्यांचे श्वसन चालूच राहते. म्हणजे दिवसाचे दातेच रात्री याचक होतात. मासे, शेवाळ, तळाच्या गाळात कुजणारा पालापाचोळा आणि शेण यांवर जगणारे सूक्ष्म जंतू, असे सर्व जण एकाच साठ्यातून घेत राहतात. त्यामुळे सूर्योदयाच्या थोडे आधी पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. तो लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या खाली गेला, की रोहू-कटल्यासारखे मासे कासावीस होऊन वर येतात, कारण हवेला लागून असलेल्या पातळ थरातच काय तो थोडा प्राणवायू शिल्लक असतो.

अशा माशांना धरणे सोपे असते. जाळे बघता बघता भरते. परंतु आधीच गुदमरलेला मासा जाळ्यात धडपडून लवकर मरतो, आणि मेलेला मासा त्या उन्हात लवकर नासतो. आता सारी भिस्त बर्फावर. येथे थोडे गणित करून पाहावे. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. ३२ अंशांवरचा एक किलो मासा शून्य अंशापर्यंत थंड करावयाचा, तर सुमारे २६ किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात. म्हणजे तिसरा हिस्सा बर्फ पुरावयास हवा! कागदावरचा हा हिशेब बिनचूक आहे. परंतु त्यात विदर्भातील ऊन धरलेले नाही. पेटीच्या भिंतींतून, फटींतून आणि क्षणोक्षणी उघडणाऱ्या झाकणातून बाहेरची उष्णता सारखी आत शिरत असते. म्हणूनच माशाच्या वजनाइतका बर्फ घ्यावा, अशी उन्हाळ्याची रीत आहे. येथे तर टेंपो खचलेला, जाळे फाटलेले आणि उन्हे डोक्यावर आलेली. बर्फाचे निम्मे पाणी होऊन गेलेले असते. दुपारपर्यंत निम्मे मासे विकण्याजोगे राहत नाहीत.

मग नुकसान भरून काढण्यासाठी मंडळी दुपारी पुन्हा तराफा पाण्यात लोटतात. यास लोभ म्हणणे सोपे आहे. परंतु ज्याला संध्याकाळी टेंपोचे भाडे आणि बर्फाचे पैसे द्यावयाचे आहेत, त्याने रिकाम्या हाताने परतावे असे सांगणे तितकेसे सोपे नाही.

तिसऱ्या प्रहरी पश्चिमेला ढग चढतात. दिवसभर तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वेगाने वर जाते, तिच्यातील बाष्पाचे ढग बनतात आणि ते पाहता पाहता मनोऱ्यासारखे उंच होतात. त्यांतून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत अर्ध्या वाटेवरच आटतो. पाणी आटताना उष्णता शोषून घेते. त्यामुळे तेथील हवा थंड व जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. पावसाआधी येणारी ती धुळीची वावटळ हीच होय. थर्माकोलचा हलका तराफा तिच्यापुढे पानासारखा वाहत जातो. वल्ह्याचे काही चालत नाही.

वाऱ्याहून भयंकर वीज. सपाट पाण्यावर उभा असलेला माणूस हीच आसपासची सर्वांत उंच वस्तू ठरते. ध्वनीला एक किलोमीटर अंतर तोडावयास सुमारे तीन सेकंद लागतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. तीस मोजण्याच्या आत आवाज आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे असे समजून तत्काळ पाण्याबाहेर पडावे, झाडाखाली थांबू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत फिरू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाची भ्रमणध्वनीवरील सोय तयार केली आहे. तिच्यावरून जवळपास विजा पडत असल्याची सूचना मिळते. म्हातारा आकडे मोजतो. अठरापर्यंत येताच तो जाळे सोडून द्यावयास सांगतो. मुलगा क्षणभर घुटमळतो, कारण जाळे हजारो रुपयांचे असते. "जाळे पुन्हा विणता येईल, बाहेर हो!" असे म्हातारा दरडावतो, तेव्हा सर्व जण चिखल तुडवीत काठ गाठतात आणि खचलेल्या टेंपोच्या बंद टपात शिरून बसतात. बाहेर टपोऱ्या थेंबांचा पाऊस सुरू होतो.

पाऊस आला म्हणजे मासे सुखावतील, असे कोणासही वाटेल. घडते ते उलटच. उन्हाळ्यात तलावाच्या पाण्याचे थर पडलेले असतात. वरचे ऊन पाणी हलके म्हणून वर तरंगते. तळाचे थोडे गार व जड पाणी गाळावर पडून राहते. त्या तळच्या पाण्यातील प्राणवायू कुजणाऱ्या पदार्थांनी संपविलेला असतो आणि सडक्या अंड्यासारखी घाण येणारा विषारी वायू तेथे साठलेला असतो. वादळ हे पाणी घुसळून काढते. पावसाचे थंड पाणी तळाशी जाते आणि तळचे पाणी वर येते. त्यातच शेतांतून व उकिरड्यांवरून वाहून आलेली घाण मिसळते आणि ढगाळ हवेमुळे शेवाळही नीट काम करीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काठाला रोहू आणि कटला यांचा पांढरा खच पडलेला दिसतो. गावात मग कोणी विष टाकल्याची कुजबुज सुरू होते. तसे कधी घडतही असेल. परंतु पहिल्या वळवानंतर मासे मेले, तर आरोप करण्यापूर्वी पाणी तपासून घेणे बरे.

या संकटातून एक मासा मात्र सहसा तगतो. तो मरळ. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेण्याची एक खास पोकळी असते. तिच्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन माणसासारखी हवा घेतो आणि ओलसर चिखलातही काही काळ जिवंत राहू शकतो. पावसाळ्यात मरळाची जोडी पाणवनस्पतींत अंडी घालते व पिले मोठी होईपर्यंत नर-मादी त्यांची राखण करतात. म्हणून हंगामाच्या शेवटी हाती लागलेली अंड्यांनी भरलेली मरळ पाण्यात परत सोडणारे भोई आपल्याच पुढच्या वर्षाची तजवीज करीत असतात.

रोहू-कटल्याचे तसे नाही. हे मूळचे वाहत्या नद्यांचे मासे. तलावाच्या स्थिर पाण्यात ते वाढतात, पण सहसा अंडी घालीत नाहीत. पूर्वी त्यांची पिले नद्यांतून गोळा करून दूरदूर पाठवावी लागत. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना स्थिर पाण्यात अंडी घालावयास लावले. तो दिवस आता देशात मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. या शोधामुळे ज्या तलावातील सारे मासे उन्हाळ्यात मेले, त्यातही दोन महिन्यांनी पुन्हा मासे सोडता येतात.

तलाव भरला, की भोई मत्स्यबीज केंद्रावर जातात. तेथे बारीक पिलांना 'जिरे' आणि बोटाएवढ्या वाढलेल्या पिलांना 'बोटुकली' म्हणतात. ती प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून मिळतात. पिशवीत एक तृतीयांश पाणी असते आणि उरलेल्या दोन तृतीयांश जागेत नळकांड्यातून शुद्ध प्राणवायू भरून तिचे तोंड घट्ट बांधलेले असते. तलावावर आल्यावर ती पिशवी लगेच उघडीत नाहीत. आतले व बाहेरचे पाणी सारखे गार होईपर्यंत ती पंधरा-वीस मिनिटे तशीच पाण्यावर तरंगत ठेवतात. मग तोंड सोडून ती हळूच कलती करतात, आणि पिले एकामागून एक तलावाच्या पाण्यात शिरतात.