नदीची वही कोणाच्या हाती?

पेढीचा कारभार वडिलांकडून मुलाकडे जातो, तेव्हा केवळ तिजोरीची किल्ली देऊन भागत नाही. उधारीची रीत, मापाची सचोटी आणि वहीची शिस्त हीदेखील सोपवावी लागते. व्यापारी घराण्यांतील वाचकांना हे वेगळे सांगावयास नको. नदी-ओढ्यांच्या पाण्याची नोंद ठेवणाऱ्या लोकगटांनाही हाच नियम लागू पडतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील ‘स्ट्रीमवॉच’ हा उपक्रम त्या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

शहराला पाणीपुरवठा करणाऱ्या ‘सिडनी वॉटर’ या सरकारी संस्थेने १९९० मध्ये तो सुरू केला. शाळांतील विद्यार्थी आणि नागरिकांचे गट आपल्या परिसरातील ओढ्यावर ठरलेल्या जागी जातात आणि पाण्याचे तापमान, पीएच, गढूळपणा, विद्युतवाहकता, विरघळलेला प्राणवायू इत्यादी मोजून नोंदवितात. २०१२ मध्ये उपक्रमाचे पालकत्व १८२७ साली स्थापन झालेल्या ऑस्ट्रेलियन म्युझियमकडे आले आणि पुढे ते ‘ग्रेटर सिडनी लँडकेअर’ या स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या संस्थेकडे गेले. पाणीपुरवठा संस्था, संग्रहालय आणि स्वयंसेवी संस्था या तिन्हींचे स्वभाव भिन्न. तरीही उपक्रम खंडित झाला नाही.

हे सातत्य इतके मोलाचे का? एका दिवसाच्या विक्रीवरून दुकानाची प्रकृती कळत नाही, तसेच एका दिवसाच्या आकड्यावरून नदीची प्रकृती कळत नाही. वर्षानुवर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तरच पाणी सुधारत आहे की बिघडत आहे, हे उमगते. परंतु त्यासाठी मोजण्याची रीत एकच असावी लागते.

विरघळलेल्या प्राणवायूचेच पाहा. दिवसा पाण्यातील वनस्पती प्राणवायू सोडतात. रात्री त्या व इतर जीव तो वापरतात. म्हणून वनस्पती विपुल असलेल्या ओढ्यात पहाटे त्याचे प्रमाण किमान, तर दुपारी अधिक असते. आता समजा, जुने गटप्रमुख सकाळी सात वाजता मोजत असत आणि नवे प्रमुख सोयीसाठी दुपारी दोन वाजता मोजू लागले. वहीत पाणी एकाएकी सुधारलेले दिसेल. ओढा मात्र होता तसाच असेल. वेळेचा रकाना रिकामा असेल, तर ही चूक पुढे कोणाच्याही ध्यानी येणार नाही. पीएच मोजणारे उपकरणही अधूनमधून प्रमाणित द्रावणाशी ताडून पाहावे लागते. ते केले नाही, तर काटा सदोष असलेल्या तराजूसारखी त्याची गत होते.

बँकेत शाखेचा कार्यभार सोपविताना केवळ ‘सर्व ठीक आहे’ एवढ्यावर कोणी विसंबत नाही. रोकड मोजली जाते, किल्ल्यांची नोंद होते, अपुरी कामे लिहून दिली जातात आणि देणारा व घेणारा दोघेही स्वाक्षरी करतात. या पद्धतीत अविश्वास नसतो. उलट, दोघांच्याही प्रतिष्ठेचे तीत रक्षण होते.

पाण्याच्या वहीचा कार्यभारही असाच द्यावा. मोजण्याची जागा, वेळ आणि रीत लेखी असावी. उपकरणे केव्हा तपासली, द्रावणांची मुदत केव्हा संपते, हे नमूद असावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जुन्या व नव्या प्रमुखांनी काही महिने एकाच ओढ्यावर एकाच वेळी मोजून आपापले आकडे ताडून पाहावेत. जुन्या प्रमुखांनी नंतर सल्ल्यापुरते जवळ राहावे. निर्णय मात्र नव्यांचे असू द्यावेत.

बहुतेक लोकोपयोगी कामे एखाद्या निष्ठावंत व्यक्तीच्या खांद्यावर उभी असतात आणि ती व्यक्ती थकली की कामही थकते. ज्याने आपल्या हयातीतच दुसऱ्याला वही वाचावयास आणि लिहावयास शिकविले, त्याचे काम त्याच्यानंतरही चालते. आपापल्या पेढीत, न्यासात वा मंडळात ही तयारी आज कोणाची सुरू आहे, याचा प्रत्येकाने शांतपणे विचार करावा.