जुन्या वस्तऱ्याची दुरुस्ती

वस्तऱ्याचे पाते भरपूर कार्बन असलेल्या पोलादाचे असते. हे पोलाद धार उत्तम धरते, पण ओल मुळीच सोसत नाही. अठराव्या शतकात बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली आणि इंग्लंडमधील शेफील्डचे वस्तरे जगभर गेले. पुढे जर्मनीतील झोलिंगनने शेफील्डला गाठले. शेफील्डचे जुने पाते पाचरीसारखे जाड असते. झोलिंगनचे दोन्ही अंगांनी खोलगट, धारेजवळ इतके पातळ की नखावर दाबले तर लवते. १९०४ साली जिलेटला सेफ्टी रेझरचे पेटंट मिळाले आणि वस्तरा हळूहळू घराघरांतून उठून न्हाव्याच्या धोकटीपुरता उरला. महाराष्ट्रातल्या सलूनमध्येही आता, रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या धास्तीने, ब्लेड बदलता येणारा वस्तराच दिसतो.

दुरुस्तीआधी पाते नीट पाहावे लागते. वरवरचा तांबूस गंज निघतो. काळे, खोल खड्डे धारेपर्यंत पोहोचले असतील किंवा पात्याला तडा असेल, तर तो वस्तरा शोभेला ठेवावा. मुठीच्या पट्ट्या शिंगाच्या, हाडाच्या, हस्तिदंताच्या किंवा सेल्युलॉइडच्या असतात. यांतले सेल्युलॉइड सर्वांत दगाबाज. ते नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनते; जुने झाले की त्यातून आम्लकारी वायू सुटतात आणि पाते पट्ट्यांच्या आतल्या बाजूनेच गंजते. अशा पट्ट्या काढून टाकाव्यात, आणि दूर ठेवाव्यात, कारण त्या झटकन पेट घेतात.

पितळी खिळ्याचे डोके कानशीने घासून खिळा ठोकून काढला की पाते मोकळे होते. मग तेल आणि बारीक पॉलिश पेपर, जाड दाण्याकडून बारीक दाण्याकडे. विजेच्या चाकाने काम लवकर होते, पण पातळ धार क्षणात तापते. तिच्यावर निळी झाक आली की पाणी उतरले, पोलाद मऊ पडले. म्हणून हाताने घासणे बरे. आरशासारखी चकाकी आणण्याचा हट्ट तर कारागिराने सोडावाच, कारण त्यापायी कोरलेली नक्षी आणि सोनेरी मुलामा पुसला जातो.

पट्ट्या पुन्हा बसवताना खिळ्याचे टोक गोल तोंडाच्या हातोडीने, हलक्या हाताने, पुष्कळ ठोके देऊन फुलवतात. जोराचा एकच ठोका शिंग फोडतो.

धारेचे काम सर्वांत नाजूक. पाते निसण्यावर सपाट टेकते, पाठ आणि धार दोन्ही दगडाला लागून. धारेचा कोन पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांवरूनच ठरतो. साफ करताना पाठ फार घासली, तर कोन बिघडतो. साधारण १००० दाण्याच्या दगडावर धार बसते, ४००० आणि ८००० वर ती नितळ होते. दगडावर धार पुढे चालते. नंतर चामडी पट्ट्यावर मात्र पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर चामडे कापले जाते. अधांतरी धरलेला केस दाब न देता तुटला की काम बरेचसे झाले, पण दाढीवरचा निकाल वेगळा लागू शकतो. गाल ओढला गेला तर पुन्हा ८००० च्या दगडाकडे जावे लागते. वापर झाल्यावर पाते कोरडे पुसून त्याला खनिज तेलाचा पातळ हात देतात.