माळ्यावरची सहा कांबट्यांची काठी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखाद्या कापडी पिशवीत गुंडाळलेली, दोन-तीन तुकड्यांची, पितळी तोंडाची बारीक काठी खाली आली, तर ती पडद्याचा दांडा समजून भंगारात देऊ नका. भिंगार कॅम्पाच्या आसपासच्या जुन्या घरांनी तर विशेष जपून बघावे. १८०३ मध्ये वेलस्ली या इंग्रज सेनापतीने नगरचा किल्ला घेतला आणि त्यानंतर इथे लष्करी छावणी वसली. शिकार आणि मासेमारी हे छावणीतल्या अधिकाऱ्यांचे नेहमीचे छंद. बदलीचा हुकूम आला की न पेलणारे सामान इथेच विकून किंवा देऊन जायचे, ही त्यांची रीत. त्या सामानात गळाच्या काठ्याही असत. त्यांची ओळख कशी पटवायची आणि मोल कसे ठरवायचे, याचा हा आढावा.

माशांची मराठी नावे

काठीच्या आधी मासा. १८३९ मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. ते करताना त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावेच शास्त्राला दिली. खुद्री, कोळस, मल्या, फुलंगी हे शब्द आज जगभरच्या मत्स्यशास्त्रात लॅटिन वळणाने नांदतात. यातला खुद्री म्हणजे दख्खनचा महासीर. साइक्सने त्याचे वर्णन पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केले. ही मुळा राहुरीच्या मुळेहून वेगळी. पण मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा आपल्या श्रीगोंदा-कर्जतच्या कडेने वाहते. खुद्रीची गोष्ट म्हणून आपल्यापासून दूरची नाही.

महासीर गळाला लागला की खडकाळ प्रवाहात अशी धाव घेतो की कच्ची काठी मोडते आणि दोर तुटतो. एच. एस. थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ मध्ये आले, त्यानंतर हिंदुस्थानातल्या नद्यांवर गळ टाकण्याचा नादच लागला. १९१० मध्ये सुरू झालेले भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेवर साहेबलोकांना मोठा जलाशय मिळाला.

बांबू कुठला?

साध्या गळाला अख्खी काठी पुरते. विलायती माशी-गळाची (गळाला पिसांची कृत्रिम माशी लावून मासा धरण्याची) काठी मात्र चिरलेल्या बांबूची असते. बांबूची सगळी ताकद सालीलगतच्या दाट धाग्यांत असते, आतला गर कमकुवत. म्हणून बांबू उभा चिरून सहा कांबट्या काढायच्या, प्रत्येकीला रंध्याने साठ अंशांच्या कोनाचा त्रिकोणी आकार द्यायचा आणि साल बाहेर ठेवून सहाही सरसाने जोडायच्या. काठी षटकोनी होते, आतून भरीव, बाहेरून पोलादासारखी चिवट. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या सॅम्युएल फिलिप याने १८४० च्या दशकात चिरलेल्या बांबूच्या काठ्या करायला घेतल्या. तो बंदुका आणि व्हायोलिन बनवणारा कारागीर होता. पुढे हायरम लेनर्डने त्यांचा मोठा धंदा उभा केला.

आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट पुढे आहे. त्या सुरुवातीच्या काठ्यांना लागणारा बांबू हिंदुस्थानातून जात असे. कलकत्ता बंदरातून निघाला म्हणून तिकडे त्याचे नाव ‘कलकत्ता केन’ पडले. तो म्हणजे ज्याच्या लाठ्या होतात तो आपला भरीव बांबू. त्याच्या सालीवर भाजल्याचे काळसर डाग असत आणि आज जाणकार त्याच डागांवरून जुनी काठी ओळखतात. विसाव्या शतकात चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला ‘टोंकिन’ बांबू पुढे आला. त्याच्या गाठी सपाट, पेरे लांब आणि धागे जास्त दाट. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, काचतंतूच्या काठ्या स्वस्त झाल्या आणि बांबूचे युग ओसरले.

ओळख कशी पटवायची

काठी उजेडात धरा. कडा सहा दिसल्या तर ती चिरलेल्या बांबूची. मग गाठी बघा. चांगल्या कारागिराने शेजारच्या कांबट्यांच्या गाठी एका रेषेत येऊ दिलेल्या नसतात, कारण गाठीपाशीच काठी मोडते. जोडाची रेघ केसाएवढी असावी. नखाला फट लागली तर सरस सुटला आहे. जुन्या सरसावर भरवसा नव्हता, म्हणून कारागीर अगदी जवळजवळ रेशमी धाग्याचे वेढे देत. असे दाट वेढे काठीचे वय जास्त असल्याची खूण.

यानंतर तुकडे मोजा. बहुतेक काठ्यांचे सगळे तुकडे सारख्या लांबीचे असतात. शेंड्याचा तुकडा दोन इंच आखूड निघाला, तर तो मोडून पुन्हा बसवलेला आहे. शेंडाच आधी मोडतो हे कारागिरांना माहीत होते, म्हणून चांगल्या काठीसोबत ते दोन शेंडे देत. दोन्ही शाबूत मिळाले तर नशीब.

मुठीजवळच्या धातूवरचे नाव भिंगाने वाचा. इंग्लंडातल्या अ‍ॅनिकचे हार्डी बंधू १८७२ मध्ये बंदुकांच्या धंद्यात उतरले आणि मग गळाच्या सामानात जगप्रसिद्ध झाले. ‘पालाकोना’ ही त्यांच्या बांबूच्या काठ्यांची छाप. मुंबईच्या काळा घोड्याजवळची ‘आर्मी अँड नेव्ही’ इमारत अनेकांनी पाहिली असेल. तिथल्या त्याच नावाच्या दुकानात लष्करी गिऱ्हाइकांसाठी असे सामान मिळे. नावापुढे ‘सी. एस. एल.’ ही अक्षरे असतील, तर वस्तू बहुधा १९३४ पूर्वीची, कारण त्या साली कंपनीने नाव बदलले. लाकडी पेटीतला, कृत्रिम माशा आणि चमच्यासारखी आमिषे यांसकट भडक रंगाचा जपानी संच मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचा. दिसायला देखणा, किमतीला हलका.

रीळ, तात आणि माशी

कधी काठीपेक्षा रीळच मोलाचे असते. हार्डींचे ‘परफेक्ट’ हे छर्‍यांवर फिरणारे रीळ १८९० च्या सुमारास निघाले. त्याचे सुरुवातीचे पितळी नमुने संग्राहक शोधत फिरतात. जुन्या गळांना बांधलेली पिवळट तात रेशीमकिड्याच्या ग्रंथींपासून ओढलेली असते. ती वाळून ठिसूळ होते, म्हणून तिला ताण देऊ नये.

कृत्रिम माशी हा पिसांचा खेळ. विलायतेतल्या सामन माशांसाठीच्या उंची माशांवर मेणाच्या थेंबासारखे ठिपके दिसतात. ते आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचे पीस. हरिश्चंद्रगड-कळसुबाईच्या जंगलात जो पहाटे आरवतो, त्याची पिसे बोटीने विलायतेला जात आणि माशी होऊन पेटीतून पुन्हा हिंदुस्थानात येत.

मोल कशावर ठरते

मोल पाच गोष्टींवर ठरते. कारागीर कोण, काठी मूळ लांबीची आहे का, सरळ आहे का, दोन्ही शेंडे आहेत का, आणि मूळ पिशवी-नळकांडे सोबत आहे का. आठ फुटांच्या आतल्या हलक्या काठीला मागणी जास्त. महासीरसाठी केलेल्या बारा-चौदा फुटी भारी काठ्यांना इतिहास मोठा, पण गिऱ्हाईक थोडे. भिंतीला टेकवून ठेवल्याने काठी बाकली असेल तर किंमत उतरते.

सगळ्यात जास्त नुकसान आपल्या हौसेने होते. चिंचेने पितळ घासू नका, नवे व्हार्निश मारू नका, अडकलेला सांधा पिळून सोडवू नका. सांधा सरळ रेषेतच ओढावा. काळवंडलेली मूळ झिलई हीच वस्तूच्या खरेपणाची साक्ष असते.

विकण्याआधी १९७२ सालचे दोन कायदे लक्षात ठेवा. रिळाची मूठ हस्तिदंती असली किंवा माशीत संरक्षित पक्ष्याची पिसे असली, तर वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू परदेशी पाठवायची, तर पुरावशेष कायदा पाहावा लागतो.

मोल आणि किंमत

लोणावळ्याजवळ वळवणला टाटा कंपनीने महासीरची पैदास केली आणि खुद्रीची पिले अनेक पाण्यांत सोडली गेली. मासा वाचवायचे प्रयत्न झाले, तसे काठीचेही व्हायला हवेत. बुरूड कारागिराच्या कोयत्याला बांबूचा जो स्वभाव कळतो, त्याच स्वभावावर ही सारी विलायती कला उभी राहिली. तिच्यासाठी लागणारा पहिला बांबू आपल्याच देशातला होता. म्हणून ही काठी साहेबाची आठवण म्हणून नाही, तर आपल्या बांबूची, आपल्या माशाची आणि आपल्या नदीची नोंद म्हणून जपावी.

काठी सापडली तर ती सुकवा, पिशवीत घालून कोरड्या जागी उभी टांगा. मग एका कागदावर लिहा: ही घरात कोणी आणली, कधी, कोणाकडून, कुठल्या नदीवर नेली. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून याच दिवाळीत लिहा आणि तो कागद काठीलाच बांधून ठेवा. कारागिराचे नाव पुढेही भिंगाने वाचता येईल. आजोबांना आठवणारी हकीकत मात्र दुसऱ्या कोणालाही सांगता येणार नाही.