निरभ्र आभाळातली वीज

ध्यानीमनी नसताना काही घडलं की इंग्रज माणूस 'अ बोल्ट फ्रॉम द ब्लू' म्हणतो. आडव्या धनुष्यातून सुटणाऱ्या आखूड, जाड बाणाला बोल्ट म्हणत. तेच नाव पुढे विजेच्या लोळाला लागलं. ब्लू म्हणजे निळं, निरभ्र आभाळ. थॉमस कार्लाइलने १८३७ साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या इतिहासात अचानक झालेल्या अटकांचं वर्णन जवळपास याच शब्दांत केलं.

नुसतं 'आउट ऑफ द ब्लू' बऱ्यावाईट दोन्हींना चालतं. शाळेतल्या मैत्रिणीचा वर्षानुवर्षांनी फोन आला, तर तेवढंच म्हणावं. बोल्ट आला की हादरा आला, आणि तो बहुधा वाईट बातमीचा.

निरभ्र आभाळातल्या विजेची कल्पना मात्र फार जुनी. देवच वीज टाकत असेल तर ढग नसताना तो कधीच का टाकत नाही, असं रोमन कवी ल्युक्रेशियसने विचारलं होतं. पुढच्या पिढीतल्या होरेसने स्वच्छ आकाशात गडगडाट झाल्याचं लिहिलं आणि देवापुढे मान तुकवली.

विज्ञानाने दोघांच्याही पुढची गोष्ट सांगितली. अशी वीज खरोखर पडते, पण ढगातूनच. वादळी ढगाच्या कुशीतून ती बाहेर पडते, मोकळ्या हवेतून आडवी धावते आणि दूरवर जमिनीकडे वळते. ढगापासून चाळीस किलोमीटरपर्यंत ती गेल्याच्या नोंदी आहेत. गडगडाट मात्र साधारण पंधरा किलोमीटरपलीकडे क्वचितच ऐकू येतो. म्हणजे माथ्यावर ऊन असतं, कानावर काही येत नाही, तरी वादळ कुठेतरी उभं असतं.

म्हणूनच हा वाक्प्रचार सैलपणे वापरलेला मला खटकतो. महिनोन्‌महिने पगार थकवलेला कारखाना बंद पडला, तर ते 'फ्रॉम द ब्लू' कसं? तिथले ढग कामगारांना कधीचे दिसत होते. वरच्यांनी पाहिलं नाही, एवढंच. हा शब्द आला की जबाबदारी आभाळावर जाते.

खऱ्या विजेचीही चाहूल आधी लागू शकते. आपल्याकडे मराठवाड्यात, विदर्भात वळवाच्या दिवसांत शिवारातली माणसं आणि गुरं विजेने दगावतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या चाळीस किलोमीटरपर्यंतच्या विजांची सूचना देतं. ते गावोगावच्या फोनमध्ये असायला हवं. सूचना आली किंवा गडगडाट ऐकू आला की झाडाचा आडोसा न घेता पक्क्या घरात शिरावं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर, ऊन पडलं तरी, अर्धा तास बाहेर पडू नये.